आजोबांचे शब्द, नातवंडांचा आवाज : सभाकंपाचे वाङ्मयीन आणि सामाजिक आकलन
(पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : सभाकंप, सभाधीटपणा, उसना शब्द, पहिला श्रोता, बोलीभाषा, बालशिक्षण, लोकरंगभूमी

१. प्रास्ताविक

सभेपुढे उभे राहताना होणाऱ्या थरकापाला मराठीत 'सभाकंप' असा अर्थवाही शब्द आहे, तर त्यावर मात केलेल्या व्यक्तीला 'सभाधीट' म्हटले जाते. या दोन शब्दांतील अंतर लक्षणीय आहे. 'कंप' हा शरीराचा धर्म होय. 'धीटपणा' मात्र स्वभावाचा गुण मानला जातो. परिणामी सभेत अडखळणाऱ्या मुलाच्या शरीराची क्षणिक प्रतिक्रिया पाहून समाज त्याच्या स्वभावाविषयी निर्णय देऊन मोकळा होतो. 'हा बुजरा आहे', 'हिला चार लोकांत बोलता येत नाही' असे शिक्के शालेय वयातच बसतात आणि महाविद्यालयातील शेवटच्या बाकापर्यंत विद्यार्थ्याची सोबत करतात. उत्तर ठाऊक असूनही तोंडी परीक्षेत मान खाली घालून उभा राहणारा विद्यार्थी कोणत्याही प्राध्यापकाला अपरिचित नाही.

या कंपावर मात करताना मुलाला घरातील आजी-आजोबांचे साहाय्य होते, ही लोकानुभवातील गोष्ट आहे. कथा-कादंबऱ्यांत आणि आठवणीपर लेखनात आजोबा नातवाची पाठ थोपटतात आणि नातू व्यासपीठ गाजवतो, असे चित्र वारंवार येते. परंतु हे साहाय्य नेमके कोणत्या स्वरूपाचे असते, याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात पु. ल. देशपांडे यांच्या बालपणातील एका सुपरिचित प्रसंगाच्या आधारे ही चिकित्सा केली असून, तिचे निष्कर्ष पालघर जिल्ह्यातील लोकपरंपरा, कोसबाडचे बालशिक्षणकार्य आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील आजची स्थिती यांच्याशी ताडून पाहिले आहेत. वडीलधारी व्यक्ती मुलाला धैर्य देत नाही; ती त्याला काही काळापुरते शब्द देते आणि पहिला श्रोता देते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. हे साहाय्य सफल होण्यासाठी आजीची भाषा आणि व्यासपीठाची भाषा यांच्यात शत्रुत्व नसावे लागते, हा त्याचा उत्तरार्ध होय.

२. उसने शब्द : पु. ल. देशपांडे यांचे उदाहरण

पु. ल. देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या चरित्रपर माहितीत बालपणीच्या भाषणाची एक नोंद आढळते. ते पाच वर्षांचे असताना आजोबांनी त्यांना पाच-दहा ओळींचे भाषण लिहून दिले. सुमारे आठ दिवस घोकून त्यांनी ते हावभावांसह वडीलधाऱ्यांसमोर म्हणून दाखविले. त्यानंतर सुमारे सात वर्षे ते आजोबांनी लिहिलेली भाषणे करीत राहिले. बाराव्या वर्षापासून ते स्वतःची भाषणे स्वतः लिहू लागले आणि इतरांनाही लिहून देऊ लागले.

हा प्रसंग सामान्यतः 'होतकरू बालकाची चुणूक' म्हणून सांगितला जातो. परंतु त्याची रचना बारकाईने पाहिली, तर त्यात एक संपूर्ण अध्यापनपद्धती दडलेली दिसते. पहिली बाब मजकुराच्या प्रमाणाची. पाच वर्षांच्या मुलाला पेलतील एवढ्याच ओळी येथे दिल्या आहेत. दुसरी बाब वेळेची. एवढ्याशा मजकुरासाठी आठ दिवस, म्हणजे घाईला पूर्ण मज्जाव. तिसरी बाब श्रोत्यांची. पहिली सभा घरच्या व परिचयाच्या मोठ्या माणसांची आहे. चुकले तर हसतील, पण ते हसू हिणवणारे नसेल, याची मुलाला खात्री आहे. चौथी बाब कालावधीची. उसन्या शब्दांचा हा काळ एका स्पर्धेपुरता नसून सात वर्षांचा आहे, आणि त्याला शेवटही आहे.

पाचवी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. बाराव्या वर्षी हा मुलगा इतरांसाठी लिहू लागतो. ज्याला शब्द मिळाले तो आता शब्द देणारा होतो. हे साहाय्य पूर्णत्वास गेल्याची खूण टाळ्यांत शोधण्यापेक्षा या देण्याच्या क्षमतेत शोधणे अधिक योग्य ठरेल.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. दुसऱ्याने लिहिलेले भाषण पाठ करणे म्हणजे पोपटपंची नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे, कारण आजच्या बहुतेक शालेय भाषणांना तो लागू पडतो. मात्र उसना शब्द आणि पोपटपंची यांत भेद करणे आवश्यक आहे. पोपटपंचीत शब्द कोणाचे आहेत हे मुलाला ठाऊक नसते आणि ते कधी परत करायचे आहेत याचीही जाणीव नसते. आजोबांच्या शब्दांमागे मात्र एक माणूस उभा असतो. त्याची उच्चारण्याची ढब, थांबण्याची जागा, हाताची हालचाल मुलाने पाहिलेली असते. मूल मजकुराबरोबर बोलणारा माणूसही आत्मसात करते. 'बटाट्याची चाळ'च्या एकपात्री प्रयोगात (१९६१पासून) एकाच नटाच्या देहातून संपूर्ण चाळ बोलू लागली, हे सर्वज्ञात आहे. बालपणीचा सराव आणि ही कला यांत थेट कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे होईल. तथापि दुसऱ्याचा आवाज सन्मानाने धारण करण्याची सवय दोन्हींच्या मुळाशी आहे, असे निश्चित म्हणता येते.

या उदाहरणाची मर्यादाही येथेच नोंदविली पाहिजे. पु. लं.चे मातुल आजोबा वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लेखन करीत आणि रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'चा 'अभंग गीतांजली' हा मराठी अनुवाद त्यांच्या नावावर आहे. म्हणजे ज्या कुटुंबात हे मूल वाढले, तेथे ग्रंथ होते, सवड होती आणि घरात बोलली जाणारी मराठी सभेत चालणाऱ्या मराठीच्या जवळची होती. ही अनुकूलता सर्वांच्या वाट्याला येत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा विचारात घ्यावा लागेल.

३. कागद आणि श्रोता

केवळ लिहिलेला मजकूर हाती असला म्हणजे सभाकंप जातो, असे नाही. महात्मा गांधींनी 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत आपल्या लाजाळूपणावर एक प्रकरणच लिहिले आहे. लंडनमधील शाकाहारी मंडळाच्या बैठकीत त्यांनी आपले विचार कागदावर लिहून नेले. परंतु ते वाचण्याचेही धैर्य झाले नाही आणि ते दुसऱ्याने वाचून दाखविले. तेथे मजकूर होता, तो स्वतःचा होता, विषयाची तळमळही होती. उणीव होती ती परिचित श्रोत्याची आणि क्रमाक्रमाने झालेल्या सरावाची. पाच वर्षांच्या पु. लं.कडे मजकूर दुसऱ्याचा होता, पण श्रोता आपला होता. दोन उदाहरणांतील वय आणि परिस्थिती भिन्न असली, तरी ही तुलना उद्बोधक आहे.

मानसशास्त्रीय संशोधनातून या निरीक्षणाला पुष्टी मिळते. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ साली मांडलेल्या विवेचनानुसार इतरांच्या उपस्थितीने व्यक्तीची उत्तेजितावस्था वाढते. जे काम अंगवळणी पडले आहे ते त्यामुळे अधिक चांगले होते, आणि जे अद्याप कच्चे आहे ते अधिक बिघडते. या दृष्टीने पाहता 'घाबरू नकोस' हा उपदेश निरुपयोगी ठरतो. छातीची धडधड वाढणारच. प्रश्न एवढाच की त्या धडधडीला कच्चा मजकूर सापडतो की पक्का. आजोबांचे आठ दिवस हे त्या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर आहे.

लेव्ह व्हायगॉट्स्की यांची मांडणीही येथे उपयुक्त आहे. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, यांमधील पट्ट्यात खरे शिक्षण घडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढे वुड, ब्रूनर व रॉस यांनी १९७६ साली या मदतीसाठी बांधकामाच्या परांचीचे रूपक रूढ केले. परांची भिंत उभारण्यासाठी अनिवार्य असते आणि भिंत उभी राहिल्यावर ती काढावीच लागते. आजोबांची सात वर्षांची भाषणे ही अशीच परांची होय.

मराठी साहित्याने या संबंधाला एक स्वतंत्र रूपबंधही दिला आहे. दिवाकर (शंकर काशिनाथ गर्गे) यांच्या नाट्यछटांमध्ये एकच पात्र बोलते. समोरचे पात्र दिसत नाही, पण त्याचे अस्तित्व आणि प्रत्युत्तरे बोलणाऱ्याच्या वाक्यांतून कळतात. शालेय स्पर्धांत नाट्यछटा दीर्घकाळ लोकप्रिय राहिली, त्याचे एक कारण या अदृश्य श्रोत्यात असावे. नाट्यछटा सादर करणाऱ्या मुलाला शेकडो अनोळखी चेहऱ्यांशी बोलावे लागत नाही. त्याने कल्पिलेल्या एका माणसाशी बोलायचे असते. भाषणात हा एक माणूस नाहीसा होतो आणि म्हणून भाषण नाट्यछटेपेक्षा अवघड जाते. घरी आजीसमोर सराव केलेले मूल मात्र सभेतही त्या एका श्रोत्याला मनाने बरोबर नेते.

४. मागे उभे राहण्याची परंपरा

व्यासपीठावर मुलाला एकटे उभे करण्याची पद्धत आधुनिक शाळेने आणली. परंपरागत सादरीकरणात मात्र नवख्याला आधी मागे उभे राहता येते. वारकरी कीर्तन हे याचे उत्तम उदाहरण होय. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे असतात. त्यांत लहान मुलेही असतात. ती ध्रुपद धरतात, पावले टाकतात, समोरच्या जनसमुदायाकडे पाहतात. सभेला तोंड देण्याचा हा सराव वर्षानुवर्षे चालतो, आणि त्यात चुकलेला एक सूर समूहाच्या सुरात सामावून जातो. पुढे त्यांतीलच एखादा नारदाच्या गादीवर उभा राहतो तेव्हा सभा त्याला नवी नसते. पालघर येथील महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते प्रा. शं. वा. ऊर्फ सोनोपंत दांडेकर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि त्याच वेळी वारकरी परंपरेतील अधिकारी प्रवचनकार होते, ही बाब या संदर्भात स्मरणीय आहे. व्याख्यानपीठ आणि कीर्तनाची गादी ही दोन्ही व्यासपीठे त्यांच्या ठायी एकत्र आली होती.

जव्हार-मोखाडा भागातील बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात ही पद्धत आणखी वेगळ्या रूपात दिसते. देवदेवता व दैत्यांची सोंगे वाद्यांच्या तालावर नाचत येतात आणि अनेक गावांत विशिष्ट सोंगे विशिष्ट घराण्यांकडे चालत आलेली असतात. आजोबांनी धारण केलेला मुखवटा पुढे मुलाकडे आणि नातवाकडे येतो. येथे वडीलधाऱ्याने दिलेली वस्तू शब्द नसून चेहरा आहे. मुखवट्यामागे नवखा सुरक्षित असतो. लोक त्याच्याकडे पाहत नाहीत, सोंगाकडे पाहतात. शिवाय ते सोंग आपल्या घराचे आहे, ही जाणीव त्याला आधार देते.

वारली समाजातील तारपानृत्यात तर प्रेक्षक आणि कलावंत ही विभागणीच धूसर होते. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून बनविलेला तारपा वाजविणारा मध्यभागी असतो आणि एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. सगळ्यांची नजर वादकाकडे आणि शेजाऱ्याच्या पावलांकडे असते. साखळीच्या शेवटी जोडल्या गेलेल्या मुलाकडे कोणी परीक्षकाच्या दृष्टीने पाहत नाही, म्हणून कंपाला अवसर राहत नाही.

याच समाजातील विवाहविधी धवलेरी ही जाणती स्त्री गाण्यांतून चालविते, ही बाब विशेष अधोरेखित करावी लागेल. ज्या समाजाविषयी 'ही मुले बुजरी असतात' असे शाळेत सहज बोलले जाते, त्या समाजात संपूर्ण मंडपासमोर दीर्घकाळ गाऊन विधी पार पाडणारी अधिकारवाणी वयस्क स्त्रीची आहे. सभाधीटपणा त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. शाळेला तो ओळखता येत नाही, एवढेच. गंजाड येथील चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्याविषयी असे सांगितले जाते की, बालपणी मातृवियोगानंतर त्यांनी बोलणे सोडले आणि ते मातीत चित्रे काढून व्यक्त होऊ लागले. पुढे त्यांच्या रेषा जगभर पोहोचल्या आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. न बोलणारे मूल म्हणजे सांगण्यासारखे काही नसलेले मूल, हे समीकरण या एका उदाहरणानेही मोडीत निघते.

५. बोर्डी ते कोसबाड : भीती निर्माणच न करणारी शाळा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यापासून वेगळा झाला. परंतु या परिसराचे बालशिक्षणातील स्थान त्याहून कितीतरी जुने आहे. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले.

या कार्याचे वैशिष्ट्य असे की, मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांकडे गेली. पाड्यावरील अंगणात भरणारी अंगणवाडी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरणारी कुरणशाळा आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदणारी विकासवाडी, हे सर्व प्रयोग एकाच विचारातून जन्मले. सभाकंपाच्या दृष्टीने या स्थलांतराचा अर्थ फार मोठा आहे. अंगणात मूल परके नसते. परकी असते ती शिक्षिका. प्रथम बोलण्याची, चुकण्याची आणि हसू करून घेण्याची जबाबदारी तिच्यावर येते. ओट्यावर बसून आजी हे सर्व पाहत असते. ज्या भाषेत ती नातवाला हाक मारते, ती भाषा शिक्षिकेला शिकून घ्यावी लागते. येथे सभा मुलाकडे चालत आली आहे.

गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या शिक्षणकथेतील शिक्षकही कथा, गाणी आणि नाट्य यांना वर्गाच्या केंद्रस्थानी आणतो. मात्र नाट्य हे पाहुण्यांना दाखविण्यासाठी नसून मुलांच्या आनंदासाठी आहे, ही भूमिका त्यामागे आहे. दाखविण्याचा हेतू आला की परीक्षा आली आणि परीक्षा आली की कंप आला. दाखविणे पूर्णतः टाळता येणार नाही, हे खरे. परंतु ते शिक्षणाच्या शेवटी यावे, आरंभी नव्हे, एवढा विवेक कोसबाडच्या कार्यातून निश्चित घेता येतो.

६. 'ती फुलराणी' : भाषेचे भय

पु. लं.च्या उदाहरणाची जी मर्यादा वर नोंदविली, तिचे सर्वांत प्रभावी विवेचन त्यांच्याच एका नाटकात सापडते, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वर आधारित 'ती फुलराणी' हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आले. फुले विकणाऱ्या मंजुळेला भाषेचा प्राध्यापक शुद्ध मराठी शिकवितो आणि उच्चभ्रू समाजात वावरण्याइतकी तयार करतो, हा त्याचा कथाभाग मराठी वाचकांना परिचित आहे.

सभाकंपाच्या अंगाने हे नाटक वाचले, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मंजुळा मुळात भित्री नाही. रस्त्यावर, आपल्या माणसांत तिची वाणी धारदार आहे. तिचा आवाज अडखळतो तो प्राध्यापकाच्या घरात, जेथे तिच्या प्रत्येक उच्चारावर दुरुस्तीची टांगती तलवार आहे. म्हणजेच तिचा कंप लोकांच्या भयातून आलेला नाही. तो भाषेच्या भयातून आलेला आहे. भक्ती बर्वे यांनी अजरामर केलेले तिचे प्रसिद्ध स्वगत तिच्या स्वतःच्या बोलीत आहे आणि त्या वेळी दुरुस्ती करणारा गुरू समोर नाही. नाटकातील सर्वांत निर्भय क्षण हा दुरुस्तीपासून मुक्त असा क्षण आहे, हे नाटककाराने अचूक हेरले आहे.

प्राध्यापक आणि आजोबा यांची तुलना येथे अपरिहार्य ठरते. दोघेही शब्द देतात. प्राध्यापक आपले शब्द देताना मंजुळेचे शब्द काढून घेतो. आजोबांनी मात्र नातवाचे काहीही काढून घेतलेले नाही. प्राध्यापकासाठी शिष्येचे यश ही स्वतःची पैज आहे. आजोबांना पैज जिंकायची नाही. म्हणूनच मंजुळा नवी भाषा मिळवूनही बेघर होते, तर नातू बाराव्या वर्षी स्वतःच्या घरातच स्वतःची भाषा लिहू लागतो. साहाय्य आणि घडविण्याचा अट्टहास यांतील सीमारेषा या दोन चित्रांतून स्पष्ट होते.

७. बोईसर-तारापूर : दुरावलेला श्रोता

आता या निष्कर्षांच्या प्रकाशात प्रस्तुत परिसराकडे पाहता येईल. तारापूर येथील अणुविद्युत केंद्र १९६९ साली कार्यान्वित झाले आणि पुढे बोईसरलगत मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. देशाच्या विविध भागांतून आलेली कुटुंबे वसाहतींत आणि चाळींत स्थिरावली. आजी-आजोबा बहुधा मूळ गावी राहिले. दुसरीकडे किनाऱ्यावर मांगेली व वाडवळी, तर आतल्या भागात वारली, कोकणा, कातकरी अशा बोली नांदत आहेत. या मुलांचे आजी-आजोबा शेजारीच असले, तरी त्यांची बोली शाळेच्या दाराबाहेर थांबते. एका मुलाचा पहिला श्रोता अंतराने दुरावला आहे, तर दुसऱ्याचा भाषेने. परिणाम मात्र समान आहे.

या रिकाम्या जागेत आज तयार छापील भाषण येते. 'अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' या ठरीव संबोधनाने सुरू होणारे आणि ठरीव सुभाषिताने संपणारे हे भाषण कोणाचेच नसते. ते पाठ करणाऱ्या मुलाला सभेची भीती वाटत नाही. विसरण्याची भीती वाटते. एक शब्द निसटला की पुढचा सापडत नाही, कारण त्या शब्दांमागे कोणी माणूस नाही, कोणाचा आवाज नाही. पु. लं.च्या आजोबांची भाषणे आणि हे छापील भाषण दोन्ही 'उसनी' आहेत. परंतु पहिले ऋण ओळखीच्या माणसाचे आहे, दुसरे अनामिक सावकाराचे.

आजी-आजोबांचे सरसकट उदात्तीकरण करणेही योग्य नव्हे. अनेक घरांत नातवाला पुढे करणारी आजी नातीला मात्र 'चार लोकांत तोंड वर करून बोलू नये' असे बजावते. काही आजोबा आपले अपुरे राहिलेले स्वप्न नातवंडांवर लादतात. अशा वेळी वडीलधारी व्यक्ती हीच मुलासाठी पहिली परीक्षक ठरते आणि घरातच सभाकंपाचे बीज पेरले जाते. म्हणून नाते पुरेसे नाही. त्या नात्यात दुरुस्तीचा सोस नसणे आणि योग्य वेळी बाजूला होण्याची तयारी असणे, या दोन अटी आवश्यक आहेत.

या प्रश्नाला कायद्याचे अधिष्ठानही आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९(२) मध्ये शक्य तोवर मातृभाषेतून शिक्षण देणे आणि बालकाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त करून मोकळेपणाने मत व्यक्त करण्यास साहाय्य करणे, ही दोन्ही तत्त्वे सलग नमूद आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा हे माध्यम असावे, अशी भूमिका आहे. भाषा आणि भयमुक्ती यांचा संबंध धोरणकर्त्यांनी ओळखलेला आहे. शालेय स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठापर्यंत तो अद्याप पुरेसा पोहोचलेला नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी येथे सुरू होते. शाळेने राखलेले मौन महाविद्यालयाच्या वाट्याला येते. वर्गातील पहिले तोंडी सादरीकरण घरच्या बोलीत आणि घरच्या विषयावर असावे; आजीने सांगितलेली एक गोष्ट तिच्या शब्दांत सांगणे हे त्याचे सर्वांत सोपे रूप. पहिली सभा पाच-सहा जणांच्या गटाची असावी. उच्चारांची दुरुस्ती सादरीकरणाच्या वेळी न करता नंतर आणि एकांतात व्हावी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खालच्या वर्गातील विद्यार्थ्याला पहिल्या भाषणासाठी साहाय्य करावे, म्हणजे घेणारा देणारा होण्याचा टप्पा अभ्यासक्रमातच येईल. विद्यापीठाच्या युवा महोत्सवातील कथाकथन व एकपात्री या प्रकारांच्या तयारीतही या क्रमाचा अवलंब सहज करता येईल. यांतील कोणत्याही उपायाला स्वतंत्र निधी लागत नाही. वेळ मात्र लागतो.

८. समारोप

सभाकंप हा मुलाचा दोष नसून सभा आणि मूल यांच्यातील अंतराचे लक्षण आहे. हे अंतर कमी करण्याचे मार्ग परंपरेने आणि प्रयोगशील शिक्षणाने वेगवेगळ्या रीतीने शोधले. पु. लं.च्या आजोबांनी शब्द दिले, बोहाड्याने मुखवटा दिला, कीर्तनाने मागची रांग दिली, तारप्याने साखळी दिली आणि कोसबाडच्या टेकडीवरील शिक्षिकांनी सभाच मुलाच्या अंगणात नेली. या सर्वांमधील समान सूत्र असे की, नवख्याला आरंभी एकटे उभे केले जात नाही आणि पुढे त्याला कायमचे धरूनही ठेवले जात नाही.

'ती फुलराणी'ने याच सूत्राची दुसरी बाजू दाखविली. दिलेल्या शब्दांची किंमत म्हणून स्वतःची भाषा द्यावी लागली, तर सभाधीटपणा मिळूनही माणूस परका होतो. पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील मुलांपुढे आज हीच किंमत मागितली जात आहे. मांगेली, वाडवळी वा वारली बोलणारी आजी नातवंडांना भाषण लिहून देऊ शकणार नाही कदाचित. परंतु तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ऐकण्याची सवडही आहे. तिच्या शब्दांना व्यासपीठावर जागा देणे शाळा-महाविद्यालयांच्या हाती आहे. ती जागा मिळाली, तर सभेत उभे राहणाऱ्या मुलाला धीट हो असे वेगळे सांगावे लागणार नाही.